कुडाळचं घरगुती कोरल दुकान आणि माझ्या टाकीसाठी नवीन कोरल

कुडाळच्या ह्या दुकानाच्या मालकांनी, मी त्यांना काका म्हणते, पहिल्या फेरीला मला काहीच विकलं नाही. मालवणहून धामापूरच्या रस्त्याने स्कूटीवर गेले होते, पायाशी मासळीचा थर्माकोलचा डबा, पर्समध्ये तीन हजार रुपये आणि डोक्यात महिनाभर घोळत असलेला एकच फोटो, हिरव्या पॉलिपचं (पॉलिप म्हणजे कोरलचं फुलासारखं तोंड) मोठं टोडस्टूल लेदर, म्हणजे छत्रीसारखं मऊ कोरल. काकांनी खुर्ची दिली, काकींनी पाणी आणून दिलं आणि मग काका म्हणाले, “बाय, आकडे दाखय बघूया.” म्हणजे पाण्याचे आकडे. मी म्हटलं सगळं नॉर्मल आहे. “नॉर्मल म्हणजे कितक्या?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा ते म्हणाले पुढच्या वेळी बाटलीत टाकीतलं पाणी घेऊन ये, मी तपासून देतो, पैसे नकोत, आणि आज इथलं बघून जा पण नेऊ नकोस. तेव्हा मला राग आला होता, पेट्रोल जाळून गेले होते ना. आज आठ महिन्यांनी लिहायला बसलेय ते त्या नकारामुळेच.

दुकान म्हणजे घराच्या मागच्या पडवीत सहा टाक्या, वर मंगलोरी कौलं, एका बाजूला आरओचे डबे. बोर्ड नाही. नाव इथे टाकत नाहीये कारण काकांनीच सांगितलंय की गर्दी झाली तर माणसांशी बोलायला वेळ उरणार नाही, फक्त शनिवार-रविवार उघडं असतं, आणि कुडाळमध्ये खाऱ्या पाण्याचा छंद असलेल्या कुणालाही विचारलं तर पत्ता मिळतो. मत्स्यालयाची दुकानं कणकवलीपासून पणजीपर्यंत बरीच बघितलीत मी, गोड्या पाण्याची चांगली आहेत, पण रीफ टाकीसाठी, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल वाढवायच्या टाकीसाठी, लागणारा माणूस मला इथे पहिल्यांदा भेटला. इथलं सगळं कोरल काकांनी स्वतःच्या मदर कॉलनीवरून कापून वाढवलेलं आहे, काही कॉलन्या सात-आठ वर्षांच्या आहेत, म्हणजे ते आपल्याच लाइटच्या लहरीपणात, आपल्याच मे महिन्यात जगून दाखवलेलं कोरल आहे. ह्या एका गोष्टीला मी सगळ्यात जास्त मार्क देते.

माझी टाकी तीन फुटी, ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर, दगड-वाळू धरून प्रत्यक्षात दीडशे लिटर पाणी मावतं. ही दुसरी. पहिली तौक्ते वादळात गेली. १६ मे २०२१, रविवार होता, वादळ मालवणच्या समोरून वर सरकत होतं, सकाळी लाइट गेली ती आमच्या वाडीत सहाव्या दिवशी आली. माडच्या माड पोलांवर पडले होते, कुणाला बोल लावणार. घरातला इन्व्हर्टर पहिल्याच रात्री संपला. मी आणि माझी मुलगी पाळीपाळीने तांब्याने पाणी उचलून वरून ओतत होतो, दर पंधरा मिनिटांनी, कारण गरम आणि खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो आणि पंप बंद पडला की पाण्याचा वरचा थर हलत नाही, मग मासे, दगडातले बॅक्टेरिया सगळेच त्या उरलेल्या ऑक्सिजनवर तुटून पडतात. दुसऱ्या रात्री मुलगी टाकीसमोरच झोपली. तिसऱ्या दिवशी माझं फूटभर झालेलं लेदर कोरल बुडाशी काळं पडलं आणि दुपारपर्यंत त्याचा वास घरभर. काढायला गेले तर हातात चिखलासारखं आलं. त्याच रात्री दोन्ही क्लाऊन मासे गेले. लाइट आल्यावर टाकी रिकामी केली, तेव्हा एका दगडाच्या खालच्या बाजूला चार मशरूम कोरल दिसले, शर्टाच्या बटणाएवढे आक्रसलेले, पण घट्ट चिकटलेले. बादलीत ताजं पाणी आणि एअर पंप लावून ठेवले, वीसेक दिवसांनी ते पुन्हा फुलले.

हे सगळं मी काकांना पहिल्या फेरीतच सांगितलं होतं, आणि तरी मागत होते पुन्हा लेदरच. ते म्हणाले, “लेदर मेला तर एकटा मरणा नाय, टाकी घेवन जाता.” मांसल कोरल आहे, वजन मोठं, कुजायला लागलं की छोट्या टाकीतलं पाणी काही तासांत अमोनियाने भरतं. शिवाय लेदर जिवंत असताना सुद्धा शेजाऱ्यांना त्रास होईल अशी रसायनं पाण्यात सोडतं, जागेसाठीची त्यांची लढाई तशी चालते, म्हणून ज्यांच्याकडे लेदर आहे त्यांनी ॲक्टिव्हेटेड कार्बन चालू ठेवावा आणि महिन्याला बदलावा. मोठ्या टाकीत, जनरेटर असलेल्या घरात लेदर सुंदरच दिसतं, ते वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. अधूनमधून ते चार-पाच दिवस मिटून बसतं, अंगावर मेणासारखी साय धरतं आणि मग ती साय टाकून नवीन होतं, नवीन माणूस तेव्हा मेलं समजून घाबरून फेकून देतो, तसं करू नका, नुसता पाण्याचा झोत जरा वाढवा. पण माझ्या घरासाठी ते नाही, हे मला पटायला एक वादळ आणि एक कुडाळची फेरी लागली.

दुसऱ्या आठवड्यात बाटलीतून पाणी नेलं. काकांनी आधी खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५च्या, म्हणजे समुद्राइतक्या खारट, द्रावणाने कॅलिब्रेट केला, माझ्यासमोर, आणि मग माझं पाणी टाकलं तर ३१. माझा घरचा प्लास्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर मात्र १.०२५ दाखवत होता, म्हणजे सगळं बरोबर. ते म्हणाले पाणी कुठनं भरलंस, मी म्हटलं सप्टेंबरात देवबागला. “मगे नदीचा पाणी भरलंस तू.” खरंच आहे, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, पावसाळ्यात आणि नंतरही कितीतरी दिवस तिथलं पाणी गोडसर असतं, मालवणची पोरं सुद्धा हे सांगतील, मला ते टाकीशी जोडून सुचलं नव्हतं. आता मी जानेवारी-फेब्रुवारीतच समुद्राचं पाणी भरते, नदीच्या मुखापासून लांब, खडकाळ भागात, भर भरतीच्या वेळी, जेटीपासून दूर कारण तिथे डिझेलचा तवंग असतो. आणून कापडातून गाळते, झाकून अंधारात आठवडाभर ठेवते, मग वरचं नितळ पाणी घेते. उरलेल्या वर्षाला पाकिटातलं मीठ आणि आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार पूर्ण काढलेलं, पाणी. आमच्या विहिरीचं पाणी जांभ्यातलं, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, कमीच आहे, पण म्हणून थेट टाकायचं नाही, मीटरवर शून्य आलं तरच.

अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, ६.४ डिग्री निघाली, ती आठच्या आसपास हवी. त्यासाठी महागडी बाटली काकांनी विकली नाही, खायचा सोडा सांगितला. माझ्या दीडशे लिटरला एक डिग्री वाढवायला साधारण साडेचार ग्रॅम लागतो, पण रोज अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त नाही, आरओच्या पाण्यात विरघळवून, पंपाच्या झोतात हळूहळू. चार दिवसांत ८.२ झाली. आणि जे मला सगळ्यात नवीन होतं ते हे की माझं नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य होतं आणि मी त्याचा अभिमान बाळगून होते. काका म्हणाले मऊ कोरलला इतकं धुतलेलं पाणी म्हणजे उपासमार, नायट्रेट पाच ते दहा असू दे, माशांना जरा जास्त घाल, पाणी बदलायचं कमी कर. ह्या कोरलांच्या अंगात झूझँथेली नावाचं एकपेशी शेवाळ राहतं, उजेडावर अन्न तयार करून कोरलला देतं, त्या शेवाळाला नायट्रोजन-फॉस्फरस लागतोच. रंग फिके पडत असतील तर दर वेळी दिवा वाढवण्याआधी हे बघा. हे सगळं ठीक व्हायला मला पाच आठवडे लागले. जानेवारीच्या पहिल्या रविवारी तिसरी फेरी मारली आणि त्या दिवशी काका स्वतःच म्हणाले, चल आता निवडूया.

निवडताना त्यांनी पहिली गोष्ट केली ती निळा दिवा बंद. हे मी अजून कुठल्याच दुकानात बघितलेलं नाही. निळ्या उजेडात, साधारण ४५० नॅनोमीटरच्या आसपास, कोरलमधली प्रथिनं चमकतात आणि प्रत्येक फ्रॅग, म्हणजे कापून वाढवलेला कोरलचा तुकडा, दहा हजारांचा वाटतो, वर दुकानदार मोबाइलला नारिंगी फिल्टर लावून फोटो काढतात, मग घरी साध्या दिव्यात आणलं की तपकिरी. काकांनी पांढरा दिवा लावला, पंप पाच मिनिटं बंद केला आणि म्हणाले आता बघ. पांढऱ्या उजेडात दिसतं की पॉलिपच्या बुडाशी मांस फाटलंय का, पांढरे डाग आहेत का, ज्यावर फ्रॅग चिकटवतात त्या प्लगच्या कडेला आयप्टेशिया, म्हणजे टाकीभर पसरणारं छोटं पारदर्शक सी ॲनिमोन, आहे का, झोआंच्या, म्हणजे बटणांसारख्या छोट्या पॉलिपच्या झुपक्यांच्या, मध्ये त्याच रंगाची गोगलगाय लपलीय का. झोआ खाणाऱ्या न्यूडिब्रँक असतात ना त्या जे खातात त्याचाच रंग घेतात, निळ्या उजेडात त्या दिसतच नाहीत. मी तर म्हणेन ज्या दुकानात पांढरा दिवा लावायला नकार देतात तिथून उठून या. आणि फ्रॅग प्लगवर कधी चिकटवलाय ते विचारा, काल कापलेला आज विकत असतील तर नको, प्लगवर मांस चढून कड धरलेली दिसली पाहिजे, काका महिनाभर तरी थांबतात.

इथे जरा हार्ड, म्हणजे कठीण सांगाड्याच्या, कोरलबद्दल लिहायलाच हवं, कारण लोक हमखास विचारतात की हॅमर, टॉर्च, अॅक्रोपोरा का नाही घेतलं. मला पण एका बाहेरगावच्या विक्रेत्याने मेसेजवर हॅमर देऊ केलं होतं, कुरिअरने येईल, वर नाव प्लास्टिक शोपीस लिहू म्हणाला. मी त्याच्याकडून आधी दगड घेतले होते म्हणून त्याच्याकडे नंबर होता, त्या दिवशी ब्लॉक केला. आपल्याकडे २००१ पासून सगळे कठीण सांगाड्याचे प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सगळे सी फॅन वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. फ्रॅग आहे, घरात वाढवलाय, परदेशातून आलाय हे बोलायला सोपं असतं, पण घरी कुणी विचारायला आलं तर टाकी तुमची असते, विकणारा फोन उचलत नाही. काकांकडे हार्ड कोरल एकही नाही, विचारलं तर विषय तिथेच संपवतात. झोआ, मशरूम हे त्या यादीत नाहीत, खरं तर शास्त्रात ते खरे प्रवाळ धरतच नाहीत, सांगाडा नसलेले नातेवाईक म्हणा.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आमच्या दारातच समुद्रातलं खरं कोरल आहे हो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती पाण्याखाली पोराइट्स, फेवाइट्स, टर्बिनेरिया हे कठीण प्रवाळ आहेत, महाराजांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला त्याच बेटाच्या खडकांवर. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. मी लहान असताना वडिलांच्या होडीतून काचेचा डबा पाण्यावर टेकवून खाली बघायचे. जे कोरल तिथे बोटभर वाढायला वर्षं घेतं ते छिन्नीने तोडून कुणाच्या हॉलमध्ये तीन महिन्यांत मरावं हे मला सहन होत नाही. आता तर २०२४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नोआ संस्थेने चौथी जागतिक ब्लीचिंगची घटना जाहीर केली, समुद्र तापला की झूझँथेली बाहेर टाकून कोरल पांढरं पडतं. समुद्रातल्यांना आधीच इतका ताप आहे. आपल्या घरातलं कोरल तरी कुणाच्या तरी टाकीत जन्मलेलं असावं. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत झोआसारख्या पॉलिपचे चट्टे दिसतात, ते सुद्धा खरवडून आणू नका.

असो. तर मी घेतलं काय. दोन फ्रॅग मशरूमचे आणि एक झोआंचा.

मशरूममध्ये एक साधा हिरवा डिस्कोसोमा आणि एक रोडॅक्टिस, केसाळ, जांभळ्यावर हिरवे ठिपके. मशरूम हे माझ्या मते कोकणातल्या घराचं कोरल आहे. कमी उजेड लागतो, पन्नास-साठ पार (कोरलला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) पुरे, झोत कमी लागतो, २९ डिग्रीपर्यंत तक्रार करत नाही आणि वाईट दिवस आले तर आक्रसून बसतं, कुजून टाकीला त्रास देत नाही. वाढतं पण स्वतःच, पाय पुढे ओढत जातं आणि मागे पायाचा तुकडा सोडतं, त्या तुकड्याचं नवीन पिल्लू होतं. एकच गोष्ट, चिकटवणं अवघड. चिकट बुळबुळीत अंग असल्याने सुपर ग्लू धरतच नाही. काकांनी सांगितलं तसं मी छोट्या वाटीत दगडाचा चुरा घेतला, त्यात मशरूम ठेवलं, वर मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधला आणि टाकीत मंद झोताच्या कोपऱ्यात ठेवलं. अकराव्या दिवशी चुऱ्याला धरलं, मग तो खडाच ग्लूच्या जेलने मोठ्या दगडाला लावला. घाईत थेट ठेवलंत तर रात्रीतून उडून पंपात जातं, माझं पूर्वी गेलंय. मोठे मशरूम मासा पकडू शकतात, विशेषतः एलिफंट इअर म्हणून विकतात ते, तळहातापेक्षा मोठं होऊन पिशवीसारखं मिटतं, छोटे मासे असतील तर तो प्रकार नको.

झोआ मी घेतले ते ईगल आय, नारिंगी कड आणि मध्ये हिरवं, बारा पॉलिप. काकांकडे रास्ता आणि सनी डी पण होते, एकेका पॉलिपला दोनशे-अडीचशे, ते बघायला छानच, पण मला पसरणारे हवे होते आणि ईगल आय पसरतात. झोआंना मशरूमपेक्षा जास्त उजेड, शंभर-दीडशे पार, आणि जरा झोत, म्हणजे अंगावर कचरा बसत नाही. झोआ मी मुख्य दगडांपासून चार बोटं लांब, वाळूत वेगळ्या बेटावर ठेवलेत, म्हणजे सगळीकडे पसरणार नाहीत आणि उद्या काढायचे झाले तर बेट उचलता येईल. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया पण होते, झेनियाची ती हाताची मूठ उघड-मीट बघून मुलगी हट्टाला पेटली होती, पण दोन्ही एकदा दगडाला लागले की सगळा दगड त्यांचाच, काकांनी पण नको म्हटलं. ज्यांना मागच्या काचेवर हिरवा गालिचा हवा त्यांनी ग्रीन स्टार काचेलाच चिकटवावं.

झोआ घेणाऱ्यांनी पुढचं मन लावून वाचा. काही झोआंमध्ये आणि जास्त करून पॅलिथोआमध्ये, म्हणजे त्यांच्या जवळच्या नातेवाईकांमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, माणसाला मारू शकणाऱ्या विषांपैकी एक. नुसतं टाकीत ठेवल्याने काही होत नाही, पण कापताना चिळकांडी डोळ्यात गेली, हाताला जखम असताना चोळलं गेलं, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे कुणी दगड साफ करायला उकळला आणि वाफ छातीत गेली तर दवाखाना गाठावा लागतो, परदेशात अख्खी कुटुंबं अशा वाफेने दवाखान्यात गेलीयत. आपल्याकडे भांडी-दगड उकळून स्वच्छ करायची सवय आहे, सासूबाईंनी मला प्रेमाने विचारलं होतं की दगड गरम पाण्यातून काढून देऊ का, म्हणून मुद्दाम लिहितेय. दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही, ब्रशने घासायचा नाही. हातमोजे, चष्मा, काम झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात. काकांकडे फ्रॅग कापायच्या टेबलावर चष्मा टांगलेला असतो आणि ते प्रत्येक झोआच्या गिऱ्हाइकाला हे पाच मिनिटं सांगतात, न ऐकणाऱ्याला देत नाहीत. हे मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही, आणि ऐकायला हवं होतं.

घरी आणल्यावर पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली, मग पाऊण तास ठिबकने पाणी मिसळलं, मग वेगळ्या वाटीत कोरल डिपमध्ये, म्हणजे किडे पाडायच्या औषधाच्या पाण्यात, दहा मिनिटं हलवलं. डिपमधून मशरूमच्या प्लगवरून दोन चपटे किडे पडले, तपकिरी, तांदळाच्या कण्यांएवढे. हा काकांच्या टाकीचा दोष धरावा लागेल आणि मी त्यांना फोनवर सांगितलं, त्यांनी लगेच मान्य केलं आणि ती टाकी दोन आठवडे विक्रीला बंद ठेवली. म्हणून कितीही विश्वासाचं दुकान असो, डिप चुकवू नका आणि डिपचं पाणी टाकीत ओतू नका. पिशवीतलं पाणी पण नाही.

उजेडाचं माप हवं म्हणून काकांनी त्यांचा पार मीटर पाचशे रुपये डिपॉझिटवर दोन दिवस दिला. माझ्या टाकीत वाळूवर ६०, मधल्या दगडावर ११०, वरच्या कडेला १९० आला, त्यावरून मशरूम खाली, झोआंचं बेट मधल्या उंचीवर. पहिला आठवडा दिवा निम्म्यावर ठेवला आणि मग हळूहळू वाढवला. दिवे मी दुपारी चारनंतर लावते, रात्री अकराला बंद, म्हणजे दुपारच्या गरमीत दिव्याची भर पडत नाही. मे महिन्यात टाकी ३०.५ ला गेली होती, दोन छोटे पंखे पाण्यावर सोडले तर २८.५ पर्यंत आली. आपल्या दमट हवेत पंख्याचा उपयोग देशावर होतो तेवढा होत नाही कारण वाफ कमी होते, दोन डिग्री मिळाले तरी खूप. चिलर घेऊ शकत असाल तर घ्या, पण तो लाइट गेल्यावर चालणार नाही हे लक्षात ठेवून.

तक्रारी पण लिहिते. शनिवार-रविवारशिवाय उघडत नाहीत, मे महिन्यात लग्नसराईत दोन रविवार बंद होतं आणि आधी कळवलं नाही, माझी एक फेरी फुकट गेली. कुरिअर करत नाहीत, म्हणजे रत्नागिरी-दापोलीकडच्या लोकांना रेल्वेने येऊन न्यायचं, कुडाळ स्टेशनवरून रिक्षा. व्हरायटी कमी, रिकॉर्डिया (मशरूमचाच एक प्रकार) मागितलं तर वर्षभर थांब म्हणाले. पॅकिंग एकेरी पिशवीत होतं, मी म्हटल्यावर दुसरी घातली. आणि बिल हाताने कागदावर लिहून देतात, त्यावर कोरलचं पूर्ण नाव लिहून मागा, ते लिहून देतात पण मागावं लागतं.

दर असे होते, डिस्कोसोमा ३५० रुपये, रोडॅक्टिस ७००, बारा पॉलिपचा झोआ ९००. एकूण १९५०. उरलेल्या हजारात मी काकांच्याच सांगण्यावरून १२ व्होल्ट २६ अँपिअर-अवरच्या बॅटरीची सुरुवात केली, वरचे पैसे नंतर घातले. दहा वॉटचा डीसी वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी हलवणारा पंप, तिच्यावर साधारण चोवीस तास चालतो, घरच्या इन्व्हर्टरला न जोडता वेगळी ठेवलीय म्हणजे कुणी टीव्ही लावून संपवत नाही. पुढच्या कोरलच्या आधी ही बॅटरी घ्या असं मी सगळ्यांना सांगेन, दिवा गेला तर कोरल दोन-तीन दिवस काढतं, हलणारं पाणी गेलं तर नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने लाइट नेली ती बावीस तास. वेव्हमेकर चालू राहिला. झोआ मिटून बसले, मशरूम बटणासारखे झाले, दोन्ही क्लाऊन, हे नवे, हॅचरीत जन्मलेले आहेत, कोपऱ्यात एकमेकांना चिकटून. मुलगी रात्री दोनदा उठून टॉर्चने बघून आली, आता ती कॉलेजला जाते तरी. लाइट आल्यावर दुसऱ्या दुपारी चारला दिवा लागला आणि साडेचारला रोडॅक्टिस पूर्ण पसरलेला होता, आणला तेव्हा रुपयाएवढा होता तो आता पोह्यांच्या बशीएवढा झालाय आणि त्याच्या मागे तीन पिल्लं आहेत. ईगल आय बाराचे एकतीस झालेत, कालच मोजले.

पिल्लांपैकी एक काकांना नेऊन देणार आहे, त्यांच्या रोडॅक्टिसच्या मदर कॉलनीला जुलैत काहीतरी झालं आणि ती गेली. ते म्हणाले आण, पण आधी आकडे सांग.